संगणकाच्या गतींचा मेळ
प्रोसेसर, मेमरी आणि मदरबोर्ड यांचा परस्परसंबंध

विषयप्रवेश

रायपूर शहरातील समता कॉलोनी ही एक जुनी निवासी वस्ती आहे. शेजारच्या चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ असून, भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात स्थायिक झालेली व पुढे नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे या परिसरात आढळतात. आज या वस्तीतील कितीतरी घरांतून टेबलावर संगणक दिसतो. अशाच एका घरातील एका विद्यार्थ्याची आपण कल्पना करू या. आपला संगणक अधिक वेगाने चालावा म्हणून त्याने डिसेंबर महिन्यात ३६०० अशी खूण असलेली मेमरी काढून ४००० अशी खूण असलेली मेमरी बसविली, आणि प्रोसेसरची गतीही नेमल्यापेक्षा थोडी वाढविली. परंतु काही कामांत संगणक पूर्वीपेक्षा मंदच झाला. तरीही त्याने तो तसाच वापरला. हिवाळा निर्विघ्न गेला. मे महिना उजाडताच मात्र संगणक वारंवार बंद पडू लागला.

येथे दोन प्रश्न उभे राहतात. अधिक वेगवान भाग बसवूनही यंत्र मंद का झाले? आणि डिसेंबरात जे चालले ते मे महिन्यात का चालू नये? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘मेळ’ या एकाच शब्दात आहे. उत्पादकाने नेमून दिलेल्या गतीपेक्षा अधिक गतीने यंत्र चालविण्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. हा केवळ धाडसाचा खेळ नव्हे; तो मुख्यतः हिशेबाचा विषय आहे. तो हिशेब समजून घेणे हाच या पाठाचा हेतू होय.

गिरणीचा दांडा आणि संगणकाचा ठोका

छत्तीसगड हा भाताचा प्रदेश. रायपूरच्या आसमंतात भाताच्या गिरण्या पुष्कळ आहेत. जुन्या पद्धतीच्या गिरणीत एक लांब मुख्य दांडा इंजिनाने किंवा मोटारीने फिरविला जात असे. त्या दांड्यावरून पट्ट्यांच्या साहाय्याने निरनिराळी यंत्रे चालत: कोठे धान साफ करणारी चाळणी, कोठे तूस काढणारे यंत्र, कोठे तांदळाला पॉलिश करणारे यंत्र. दांडा एकच, परंतु प्रत्येक यंत्राचे चाक लहान वा मोठे असल्यामुळे प्रत्येकाची गती वेगळी. लहान चाकाचे यंत्र दांड्यापेक्षा जलद फिरे, मोठ्या चाकाचे सावकाश.

समजा, मालकाने इंजिनाचा वेग वाढविला. तसे केल्याने केवळ एक यंत्र नव्हे, तर दांड्याला जोडलेली सारीच यंत्रे जलद फिरू लागतील. तूस काढणारे यंत्र कदाचित हा वेग सहन करील; परंतु चाळणी धान बाहेर फेकू लागेल, आणि पॉलिशच्या यंत्रातून अखंड तांदळाऐवजी कणी बाहेर पडेल. पोती तर भरत राहतील. पण पोत्यात तांदूळ किती आणि कणी किती, हे हात घालून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

संगणकातील मदरबोर्ड हा या गिरणीच्या मांडणीसारखा आहे. त्यावर स्फटिकाच्या साहाय्याने एक नियमित विद्युत्-ठोका निर्माण केला जातो. हा पायाभूत ठोका म्हणजे गिरणीचा दांडा. एका सेकंदात दहा लक्ष ठोके पडले म्हणजे त्या गतीस एक मेगाहर्ट्झ म्हणतात. प्रोसेसर हा पायाभूत ठोक्याला एका ठराविक आकड्याने गुणून आपली गती मिळवितो. त्या आकड्याला गुणक म्हणावे. इतर काही भाग त्याच ठोक्याला भागून आपली मंद गती मिळवितात. तो आकडा विभाजक होय. मेमरीची गतीही याच ठोक्यापासून काढलेली असते. तेव्हा गती वाढविण्याचे मार्ग दोन: दांडाच जलद फिरविणे, किंवा एकट्या प्रोसेसरचे चाक बदलणे, म्हणजे गुणक वाढविणे. पहिल्या मार्गात सर्व भाग ओढले जातात. दुसऱ्यात केवळ एक.

एकाच छपराखाली बनलेला संगणक

संगणकाच्या आरंभीच्या काळात हा मेळ बसविण्याची जबाबदारी यंत्र रचणाऱ्यांचीच असे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात बांधलेला संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला, आणि १९६२ मध्ये त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव देण्यात आले. त्यात गणना करणारा भाग निर्वात नळ्यांचा होता, तर स्मृती फेराइटच्या सूक्ष्म कड्यांची होती. दोन्ही भाग एकाच संस्थेतील अभियंत्यांच्या देखरेखीखाली रचले गेले. म्हणून कोणत्या भागाने कोणासाठी किती थांबावे, हे आराखड्यातच ठरत असे.

आजचा टेबलावरील संगणक तसा नाही. प्रोसेसर एका कंपनीचा, मेमरी दुसरीची, मदरबोर्ड तिसरीचा. या सर्वांनी एकमेकांशी जुळावे म्हणून उद्योगाने समान मानके ठरविली आहेत, आणि मानकाप्रमाणे चालविले तर मेळ आपोआप बसतो. ओव्हरक्लॉकिंग करणारा मनुष्य मात्र मानकाच्या बाहेर पाऊल टाकतो. त्या क्षणी आराखडा करणाऱ्या अभियंत्याची जबाबदारी त्याच्यावर येते.

नेमलेल्या गतीपलीकडे सवड का असते?

एकाच आमराईतील आंबे प्रतवारी करून वेगवेगळ्या पेट्यांत भरतात. प्रोसेसरचेही तसेच आहे. एकाच सिलिकॉनच्या चकतीतून शेकडो प्रोसेसर कापले जातात. प्रत्येकाची चाचणी होऊन त्याला एक गती नेमून दिली जाते. ही गती नेमताना उत्पादक उष्ण हवा, कमी-अधिक होणारा वीजदाब आणि दीर्घ आयुष्य या साऱ्यांसाठी काही सवड राखून ठेवतो. शिवाय स्वस्त मालाची मागणी अधिक असेल तर उत्तम प्रतीचा प्रोसेसरही खालच्या पेटीत जातो. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे ही राखून ठेवलेली सवड खर्च करणे. सवड खर्च करता येते, परंतु ती एकदाच खर्च करता येते, हे विसरू नये.

१९९८ सालचे प्रसिद्ध उदाहरण

या विषयातील सर्वांत बोधप्रद उदाहरण १९९८ सालचे आहे. त्या वर्षी ऑगस्ट महिन्यात इंटेल कंपनीने सेलेरॉन ३०० ए हा स्वस्त प्रोसेसर बाजारात आणला. त्याची घाऊक किंमत १४९ डॉलर होती. त्याच सुमारास आलेल्या ४५० मेगाहर्ट्झच्या पेंटियम टू प्रोसेसरची ६६९ डॉलर. सेलेरॉनचा गुणक ४.५ असा कायम केलेला होता. अप्रामाणिक विक्रेते प्रोसेसरवरील खूण बदलून मंद माल वेगवान म्हणून विकीत, त्याला आळा बसावा हे गुणक कायम करण्याचे एक कारण होते. म्हणजे प्रोसेसरचे चाक बदलणे शक्य नव्हते. उरला तो दांडा जलद फिरविण्याचा मार्ग.

आता हिशेब पाहू. पायाभूत ठोका ६६.७ मेगाहर्ट्झ, त्याला ४.५ ने गुणले की ३०० मेगाहर्ट्झ. तोच ठोका १०० केला की ४५० मेगाहर्ट्झ, म्हणजे महागड्या प्रोसेसरइतकी गती. पुष्कळ सेलेरॉन प्रोसेसरांनी ही गती सहन केली. परंतु ती मिळविण्यासाठी बाकीच्या दोन भागांनी साथ देणे आवश्यक होते.

पहिला भाग मेमरी. त्या काळच्या मदरबोर्डांवर मेमरी सामान्यतः पायाभूत ठोक्याबरोबरच चाले. ६६ मेगाहर्ट्झसाठी बनविलेली जुनी मेमरी १०० वर टिकेलच असे नव्हते. त्यासाठी १०० मेगाहर्ट्झच्या मानकाची, पीसी १०० अशी खूण असलेली मेमरी घ्यावी लागे.

दुसरा भाग मदरबोर्ड. चकती व इतर उपकरणे ज्या पीसीआय मार्गावर जोडलेली असत, त्या मार्गाची नेमलेली गती ३३.३ मेगाहर्ट्झ होती. ६६.७ च्या ठोक्याला २ ने भागले की ती मिळे. एप्रिल १९९८ मध्ये आलेल्या ४४० बीएक्स या संचाच्या मदरबोर्डावर १०० मेगाहर्ट्झचा ठोका अधिकृतपणे चाले, आणि तेथे विभाजक ३ होई. १०० भागिले ३ म्हणजे पुन्हा ३३.३. उपकरणांना बदल झाल्याचे जाणवतही नसे.

याउलट, ज्या जुन्या मदरबोर्डावर केवळ २ चाच विभाजक होता, तेथे कोणी सावधपणे मधली गती म्हणून ८३.३ मेगाहर्ट्झ निवडली तर काय होई? प्रोसेसर ३७५ मेगाहर्ट्झवर सहज चाले. पण पीसीआय मार्ग ४१.७ वर, म्हणजे नेमल्यापेक्षा २५ टक्के अधिक वेगाने धावे. अशा वेळी चकतीवरील माहिती बिघडण्याचा धोका असे. येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते: योग्य मदरबोर्डावरील ४५० ची गती अयोग्य मदरबोर्डावरील ३७५ पेक्षा अधिक सुरक्षित होती. गती किती वाढविली यापेक्षा ती कोणत्या प्रमाणात वाटली गेली याला अधिक महत्त्व आहे.

मेमरीचे दोन गुण: ओघ आणि विलंब

मेमरीविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. वेष्टनावरील मोठा आकडा म्हणजे अधिक जलद मेमरी, असे मानले जाते. वस्तुतः मेमरीला दोन स्वतंत्र गुण आहेत. ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. वाचकाने पुस्तक मागितले की ग्रंथपाल प्रथम योग्य कपाट उघडतो, मग पुस्तक काढून आणतो. या प्रतीक्षेला विलंब म्हणावे. एकदा कपाट उघडले की त्यातील पुस्तके एकामागून एक किती झपाट्याने हाती येतात, तो ओघ होय.

मेमरीत माहिती आडव्या ओळी आणि उभे स्तंभ यांच्या जाळ्यात, अतिसूक्ष्म धारित्रांवरील विद्युत्-भाराच्या रूपाने साठविलेली असते. प्रथम ओळ उघडावी लागते, मग स्तंभ निवडावा लागतो. या क्रियांना लागणारा काळ पदार्थाच्या गुणधर्मांवर अवलंबून असतो. ठोका जलद केला म्हणून तो कमी होत नाही. समजा, एखाद्या मेमरीला स्तंभातील माहिती देण्यास २० नॅनोसेकंद लागतात. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. १०० मेगाहर्ट्झवर एक ठोका १० नॅनोसेकंदांचा असतो; तेव्हा २ ठोके थांबणे पुरे. ठोका १३३ मेगाहर्ट्झचा केला तर तो ७.५ नॅनोसेकंदांचा होतो. आता २ ठोक्यांत १५ नॅनोसेकंदच मिळतील, माहिती तयार नसेल आणि चुकीचे उत्तर उचलले जाईल. म्हणून ३ ठोके थांबावे लागते, म्हणजे २२.५ नॅनोसेकंद. ओघ सेकंदाला ८०० मेगाबाइटवरून सुमारे १०६६ वर गेला, पण विलंब किंचित वाढला.

आजच्या मेमरीलाही हाच नियम लागू आहे. ३२०० खुणेच्या डीडीआर ४ मेमरीत प्रत्यक्ष ठोका १६०० मेगाहर्ट्झचा असतो, कारण प्रत्येक ठोक्यात दोनदा माहिती दिली जाते. तिचा विलंबाचा आकडा १६ असेल तर १६ गुणिले ०.६२५, म्हणजे १० नॅनोसेकंद. ६००० खुणेच्या डीडीआर ५ मेमरीचा विलंब ३० ठोक्यांचा असेल तर ३० गुणिले ०.३३३, म्हणजे पुन्हा १० नॅनोसेकंद. ओघ जवळजवळ दुप्पट, प्रतीक्षा तीच. म्हणून मेमरी निवडताना दोन्ही आकडे वाचावेत आणि त्यांचा गुणाकार स्वतः करून पाहावा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर

आता समता कॉलोनीतील आपल्या कल्पित विद्यार्थ्याकडे परत येऊ. त्याच्या संगणकात २०१९ मध्ये आलेल्या पिढीचा एएमडी रायझन प्रोसेसर आहे असे समजू. या प्रोसेसरात गणना करणारे भाग आणि मेमरीशी बोलणारा भाग यांना जोडणारा एक अंतर्गत मार्ग असतो, आणि त्यालाही स्वतःचा ठोका असतो. ३६०० खुणेच्या मेमरीचा ठोका १८०० मेगाहर्ट्झ. अंतर्गत मार्गही सामान्यतः १८०० वर चालू शकतो. दोघांचे पाऊल एकाच वेळी पडते. परंतु ४००० खुणेची मेमरी २००० वर चालते, आणि त्या पिढीतील बहुतेक प्रोसेसरांचा अंतर्गत मार्ग २००० पर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी मदरबोर्ड मेमरी-नियंत्रकाला मेमरीच्या निम्म्या गतीवर, म्हणजे १००० वर आणतो. पाऊल जुळत नाही, मधल्या प्रत्येक देवाणघेवाणीत थांबावे लागते आणि विलंब वाढतो.

वारीच्या दिंडीत टाळ आणि पखवाज यांची लय जमली तरच पावली पडते. एकाने लय दुप्पट केली म्हणून दिंडी पंढरीस लवकर पोहोचत नाही. विद्यार्थ्याचा पैसा ज्या आकड्यावर खर्च झाला, तोच आकडा त्याच्या यंत्राला मारक ठरला.

मदरबोर्डाची मर्यादा

मदरबोर्ड ही केवळ भाग बसविण्याची पाटी आहे असे समजू नये. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. बोर्डावरील तांब्याच्या रेषेतून विद्युत्-संकेत सुमारे त्याच्या निम्मे, म्हणजे १५ सेंटिमीटर जातो. ३००० मेगाहर्ट्झच्या एका ठोक्यात तो केवळ ५ सेंटिमीटर जाईल. प्रोसेसरपासून मेमरीपर्यंत समांतर जाणाऱ्या अनेक रेषांपैकी एखादी लांब व दुसरी आखूड असेल, तर एकत्र निघालेले संकेत एकत्र पोहोचणार नाहीत. वाचकांनी एखादा मदरबोर्ड निरखून पाहावा. काही रेषा विनाकारण नागमोडी वळणे घेत आहेत असे दिसेल. ती वळणे सर्व रेषांची लांबी सारखी करण्यासाठी मुद्दाम दिलेली असतात.

बोर्ड उत्तम असेल तर जलद संकेत स्वच्छ पोहोचतात. साधा असेल तर ते पुसट होतात. दोनऐवजी चार मेमरी-पट्ट्या बसविल्या की नियंत्रकावरील भार वाढून शक्य गती सहसा कमी होते. म्हणून मेमरी विकत घेण्यापूर्वी बोर्डाच्या उत्पादकाने प्रसिद्ध केलेली सुसंगत मेमरीची यादी पाहणे हितावह असते. डीडीआर ४ ची पट्टी डीडीआर ५ च्या खाचेत बसतच नाही, हेही ध्यानात ठेवावे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: उष्णता

प्रोसेसर खर्च करीत असलेली शक्ती ही ढोबळ मानाने गती गुणिले वीजदाबाचा वर्ग या प्रमाणात असते. गती १० टक्के वाढविली आणि ती टिकावी म्हणून वीजदाबही १० टक्के वाढविला, तर शक्ती १.१ चा घन, म्हणजे १.३३ पट होते. दहा टक्के लाभासाठी तेहेतीस टक्के अधिक उष्णता, असा हा सौदा आहे.

ही उष्णता पंख्याने खोलीतील हवेत टाकावयाची असते. समजा, प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा ५५ अंश अधिक तापतो. डिसेंबरात खोली २२ अंशांवर असेल तर प्रोसेसर ७७ अंश सेल्सियसवर राहील. मे महिन्यात रायपूरचा पारा ४२ अंशांच्याही वर जातो; पंख्याखालील खोली ३८ अंशांवर असली तरी प्रोसेसर ९३ अंशांवर पोहोचेल. बहुतेक आधुनिक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या सुमारास स्वसंरक्षणार्थ गती कमी करतात, आणि त्याहून अधिक तापल्यास बंद पडतात. त्यात पंख्यावर धूळ साचली असेल तर मर्यादा आणखी लवकर गाठली जाते.

मेमरीवरही उष्णतेचा परिणाम होतो. धारित्रांवरील भार सतत गळत असतो. म्हणून साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ पुन्हा भरावी लागते. तापमान ८५ अंशांपलीकडे गेले की गळती वाढते, आणि हा काळ निम्मा करावा लागतो. अर्थात, रायपुरात डिसेंबरमध्ये जुळविलेला मेळ हा केवळ डिसेंबरचा मेळ होय. यंत्र ज्या ऋतूत सर्वाधिक त्रासते, त्या ऋतूसाठी तो बसवावा.

चालते म्हणजे बरोबर चालते असे नव्हे

संगणक बंद पडणे ही मोठी आपत्ती नाही. दोष उघड तरी होतो. खरा धोका न बोलता होणाऱ्या चुकीचा आहे. संगणकात ३५ ही संख्या ०१०००११ अशी लिहिली जाते. यातील पहिले शून्य चुकून १ झाले तर ११०००११, म्हणजे ९९ होते. एका धारित्रातील एका ठोक्याची चूक ३५ गुणांचे ९९ गुण करील, आणि पडद्यावर कोणतीही सूचना येणार नाही. हीच कणी तांदळाच्या पोत्यात मिसळून जाते. काही विशेष मेमरीत अशी एकेरी चूक ओळखून दुरुस्त करण्याची व्यवस्था असते. घरगुती संगणकात ती सहसा पूर्णत्वाने नसते.

म्हणून गती वाढविल्यावर परीक्षा घेणे अनिवार्य आहे. मेमरीत ठराविक नमुने लिहून ते जसेच्या तसे परत येतात का, हे तपासणारे मेमटेस्ट यासारखे कार्यक्रम उपलब्ध आहेत. प्रोसेसरसाठी प्राइम ९५ हा कार्यक्रम वापरतात. मूळचा तो मर्सेन मूळसंख्या शोधण्यासाठी रचलेला आहे. ज्यांची उत्तरे आधीच ज्ञात आहेत अशी प्रचंड गणिते तो यंत्राकडून करवून घेतो आणि उत्तर पडताळतो. एकही फरक आढळला तर गती मागे घ्यावी.

गती वाढविण्याचा शिस्तबद्ध क्रम पुढीलप्रमाणे असावा. प्रथम महत्त्वाच्या माहितीची प्रत दुसरीकडे ठेवावी. मूळचे सर्व आकडे वहीत लिहावेत. मेमरी आणि प्रोसेसर यांना एकाच वेळी हात लावू नये; एका वेळी एकच आकडा बदलावा, तोही लहान पायरीने. प्रत्येक पायरीनंतर परीक्षा घ्यावी आणि तापमान नोंदवावे. वीजदाब उत्पादकाच्या मर्यादेपलीकडे नेऊ नये. यंत्र सुरूच झाले नाही, तर मदरबोर्डावरील जुळवणी पुसण्याच्या सोयीने मूळ आकडे परत आणता येतात. शेवटी, सापडलेल्या कमाल गतीपासून एक पायरी खाली उतरून तेथेच थांबावे. उत्पादकाने ठेवलेली सवड आपण खर्च केली. आपलीही थोडी सवड शिल्लक असू द्यावी. पुष्कळ उत्पादक अशा वापरानंतर हमी मान्य करीत नाहीत, हाही हिशेबाचाच एक भाग आहे.

समारोप

समता कॉलोनीतील त्या विद्यार्थ्याने काय करावे, हे आता वाचकांस सांगता येईल. त्याने मेमरी ३६०० वर आणावी, म्हणजे अंतर्गत मार्गाशी तिचे पाऊल जुळेल. विलंबाचे आकडे कमी करता आले तर परीक्षा घेऊन करावेत. पंख्यावरील धूळ झाडावी. आणि प्रोसेसरची गती मे महिन्याच्या दुपारी तपासून ठरवावी. त्याच्या वेष्टनावरील आकडा लहान होईल, पण यंत्र अधिक जलद आणि अधिक विश्वासार्ह होईल. यंत्राचा वेग एका भागाच्या बळावर ठरत नाही. तो सर्व भागांच्या मेळावर ठरतो. आणि उत्तर चुकीचे असेल तर ते कितीही लवकर मिळाले तरी त्याचा उपयोग नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पायाभूत ठोका १०० मेगाहर्ट्झ आणि गुणक ४२ असता प्रोसेसरची गती किती? ठोका १०३ केल्यास ती किती होईल, आणि इतर कोणत्या भागांवर परिणाम संभवतो?

२. ३६०० खुणेच्या मेमरीचा विलंब १८ ठोक्यांचा व दुसरीचा १६ ठोक्यांचा आहे. दोहोंचा विलंब नॅनोसेकंदांत काढा.

३. गती ५ टक्के व वीजदाब ५ टक्के वाढविल्यास शक्ती किती पट होईल?

४. आपल्या गावातील भाताच्या किंवा पिठाच्या गिरणीस भेट देऊन, एका दांड्यावर वा मोटारीवर किती यंत्रे चालतात आणि त्यांच्या चाकांचे व्यास किती आहेत, याची नोंद करा. मोटारीचा वेग वाढविल्यास प्रथम कोणते यंत्र बिघडेल, हे गिरणीवाल्यास विचारा.